पोपटरावांचं हवाबंद खुराडं

पोपटराव पुकळे एसी मेकॅनिक. मूळचे आटपाडीकडच्या एका वाडीवरचे. विट्याला आयटीआय केलं आणि कतारला आले ते आलेच. त्यांच्या वाडीवर पाऊस पडला तर माणसं घराबाहेर येऊन बघतात, आणि थांबला की 'आला होता का खरंच?' असं एकमेकांना विचारतात. असा माणूस वाळवंटात सुखानं राहिला यात नवल काही नाही. उन्हाचं त्यांना कधीच काही वाटलं नाही. उलट लोकांना ऊन सोसत नाही म्हणून आपल्या घरी चूल पेटते, असं ते उन्हाकडे बघून कृतज्ञतेनं म्हणायचे.

अल रय्यानमध्ये त्यांच्या मालकाचा व्हिला आहे. मालकाची एसी दुरुस्तीची छोटीशी कंपनी; पोपटराव त्यातले सगळ्यात जुने. म्हणून कंपनीच्या कॅम्पात न राहता ते व्हिलाच्या मागच्या अंगणातल्या खोलीत राहायचे. त्याच खोलीत दुसरी खाट शफीकची. शफीक श्रीवर्धनचा, मालकाच्या घरचा ड्रायव्हर. एक घाटावरचा, एक खाडीकाठचा. एकाला भाकरी लागते, दुसऱ्याला भात. एकाला पाण्याचं कौतुक, दुसऱ्याला पाण्याचा कंटाळा. दोघांचं भांडण इतकं जुनं झालं होतं की एखाद्या दिवशी झालं नाही तर जेवल्यासारखं वाटत नसे.

अंगणातल्या कोंबड्या मुळात पोपटरावांच्या नव्हेतच. मालकाच्या म्हाताऱ्या आईनं, म्हणजे यम्मानं, नातवंडांच्या हट्टापायी पक्ष्यांच्या बाजारातून अर्धा डझन कोंबड्या आणि एक तुरेबाज कोंबडा आणवला. नातवंडांचा उत्साह टॅब चार्ज होईपर्यंत टिकला. मग कोंबड्या अंगणात आणि यम्मा खिडकीत, दोघी एकमेकींकडे बघत बसू लागल्या. शेवटी यम्मानं हाक मारली, "बोबट!" अरबीत 'प' नाही, म्हणून पोपटराव त्या घरात कायमचे बोबट झाले होते. ते आले, त्यांनी कोंबड्या बघितल्या, आणि दुसऱ्या दिवशी जुनी लाकडी पॅलेट, जाळी आणि एसीच्या खोक्यांची फळकुटं जमवून व्हिलाच्या मागच्या भिंतीला टेकून खुराडं उभं केलं.

उन्हाळ्यात त्या खुराड्यासमोर त्यांनी एक टाकाऊ कूलर दुरुस्त करून लावला. भर दुपारी कोंबड्या पंख पसरून कूलरसमोर अशा बसायच्या, जणू मजलिसमध्ये, म्हणजे मालकाच्या बैठकीत, पाहुण्या आल्यात.

"कोंबड्यांना कूलर," शफीक म्हणायचा, "आणि मला तुमचं घोरणं."

"अंडी घालायला लाग," पोपटराव म्हणायचे, "तुलाही लावतो."

उन्हाळा असा मजेत गेला. खरी गोष्ट हिवाळ्याची आहे.

डिसेंबर लागला तशी पोपटरावांनी एका शुक्रवारी केसरबाईंना व्हिडिओ कॉल लावला. केसरबाई म्हणजे त्यांची बायको. इतक्या वर्षांत पोपटरावांनी तिला कतारला बोलावून बोलावून तोंड दुखवून घेतलं होतं, पण बाई काही हलली नाही. आधी सासूबाई, मग शेळ्या, मग लेक कोमलची बारावी. आता कोमल नर्सिंगला गेली, सासूबाईंना बघायला धाकटी जाऊ तयार झाली, शेळ्या तर जाऊ आनंदानं सांभाळेल अशी. तरी बाईचं एकच पालुपद: "तितं यिऊन मी करू काय? तुमी सकाळी गाडीत बसून जाणार. मी चार भितींकडं किती येळ बगू?"

त्या शुक्रवारी पोपटरावांनी सहज फोन खुराड्याकडे वळवला.

"थांबा, थांबा!" केसरबाई ओरडल्या. "मागं घ्या जरा. ती तांबडी. आंग कशी फुगवून बसलीया बगा. खुडूक झालीया ती."

"मला माहितेय," पोपटराव म्हणाले. त्यांना काहीही माहीत नव्हतं.

"तुमाला काय म्हाईत? हितं होता तवा कधी डालगं उचललं न्हाई हातानं. अंडी घातली का तिच्याखाली?"

"आज घालणारच आहे. पिल्लंच काढतो बघ."

"तुमी?" केसरबाई इतक्या हसल्या की त्यांचा फोन हलून नुसतं घराचं आढं दिसायला लागलं. "अवो, त्ये काय मशीन हाय व्हय बटन दाबलं की झालं?"

"काढून दाखवली तर?"

"काढा. पिल्लं निगाली की मी येती बगायला."

"इथं?"

"मग काय फोनातनं हात घालू?"

खाटेवर पडलेला शफीक ताडकन उठून बसला. "वहिनी, मी साक्षीदार! शब्द फिरवायचा नाही हां."

"फिरवत न्हाई भावजी. पण तुमच्या दोस्ताला आदी पिल्लं काढू द्यात."

बाई थट्टेत बोलल्या असतील, पण पोपटरावांनी ते थट्टेत घेतलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ऑफिसात व्हिजिट व्हिसाची चौकशी केली, यम्माच्या कानावर घातलं, आणि शफीकला सांगून टाकलं की केसर आली की महिनाभर त्यानं आपली गादी उचलून स्वयंपाक्याच्या खोलीत जायचं.

"अजून अंड्याला तडा नाही," शफीक म्हणाला, "आणि मला घराबाहेर काढलंत पण!"

तर असं सगळं त्या तांबड्या कोंबडीच्या बुडाखाली येऊन ठेपलं. नऊ अंडी, एक लाकडी खोकं, त्यात गवत, आणि वर ती तांबडी, राणीसारखी. तीन आठवडे तिनं नीट बसायचं, बस्स. पोपटराव रोज कामावर जाताना तिच्याकडे असे बघायचे, जसं एखादा माणूस आपलं पार्सल सांभाळणाऱ्या हमालाकडे बघतो.

आणि नेमकं त्याच हिवाळ्यात आभाळाला काय झालं कुणास ठाऊक. दोह्याला थंडी पडते, पण ती कोरडी. दोनचार दिवस वारं सुटतं, लोक जाकिटं मिरवून घेतात आणि खलास. त्या वर्षी मात्र वाऱ्यासोबत पाऊसही आला. झिमझिम, थांबतोय, पुन्हा झिमझिम. आटपाडीत पाऊस आणि थंडी कधी एकत्र येत नाहीत. इथं दोघं एकाच गाडीतून उतरली.

पोपटराव हादरले. कोंबड्यांना थंडी लागली तर? तांबडी कुडकुडून उठली तर? अंडी गार पडली तर? आणि इथंच त्यांचा धंदा आडवा आला.

एसीवाल्याच्या जगात पाप एकच: गळती. गार हवा बाहेर गेली, पाप. गरम हवा आत आली, पाप. फटीफटीतून हवा अडवण्यातच पोपटरावांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी विचार केला, गारवा आत कोंडता येतो तर ऊब का नाही? गोदामातून चांदीच्या वर्खाची जाड इन्सुलेशन शीट आणली. खुराड्याला आतून, बाहेरून, वरून गुंडाळली. प्रत्येक सांध्यावर अॅल्युमिनियमची टेप, टेपच्या कडेला सिलिकॉन. दाराला एका मोडीत निघालेल्या फ्रीजचं रबर बसवलं. दार लोटलं की 'थप्' असा श्रीमंत आवाज यायचा. मग उदबत्ती पेटवून ती प्रत्येक सांध्यापाशी फिरवली. धूर कुठं ओढला जात नाही म्हणजे गळती नाही. डक्टचं काम ते असंच तपासायचे.

शफीक दारात उभा राहून बघत होता. "झाली पूजा? आरती पण म्हणू का?"

"वातानुकूलित आहे आता हे. उलट्या बाजूनं."

"अहो राव, कोंबडी आहे का आईस्क्रीम?"

"तुला नाही कळणार. तुमच्याकडं घराला भिंती असतात का धड?"

एक फायदा मात्र लगेच दिसला. पहाटेचं कोंबड्याचं आरवणं आतल्या आत जिरलं. शफीकनं त्याबद्दल मनापासून शुक्रन म्हटलं आणि कूस बदलली.

दोन-तीन दिवसांनी संध्याकाळी केसरबाईंचा फोन आला. पोपटरावांनी अभिमानानं बाहेरून खुराडं दाखवलं.

"अगं बया! चांदीचं देऊळ बांदलं व्हय? आन् कोंबड्या?"

"आत आहेत."

"दावा की."

"झोपल्यात."

"आत्ता? अजून दिवस हाय की तुमच्याकडं!"

"इथं टाइम वेगळा असतो," पोपटराव म्हणाले आणि रेंज गेल्याचं नाटक करत फोन बंद केला. कारण त्यांना एव्हाना जरा शंका यायला लागली होती.

शंकेचं कारण असं. सकाळी दार उघडलं की आतून एक भपकारा यायचा, डोळ्यांना झोंबणारा. छताच्या चंदेरी शीटवर आतून पाण्याचे थेंब लोंबायचे आणि कोंबड्यांच्या पाठीवर एकेक करून पडायचे. बाहेर पाऊस थांबला तरी आत पडतोय! खालचा भुसा चिखल झाला. पांढरी शिंकली. मग काळी शिंकली. मग कोंबडा शिंकला, आणि त्याचा तुरा असा वाकडा पडला, जसा लग्नात रुसलेल्या जावयाचा फेटा.

पोपटरावांनी निदान केलं: ऊब कमी पडतेय. आणि त्यांनी आत मोठा पिवळा बल्ब लावला.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर आतून वाफ आली. यम्मा मागच्या दारात उभी होती. तिनं डोक्यावरची ओढणी नाकाला लावली. "बोबट! हे काय? हमाम?"

"यम्मा, थंडी... बारद..." पोपटराव हातवारे करत म्हणाले.

यम्मानं एक बोट आकाशाकडे केलं, एक खुराड्याकडे, आणि मग दोन्ही हात झटकले. भाषेची काही गरज नव्हती. कोंबड्यांना अल्लानं पिसं दिलीत, तुझा बल्ब नव्हे, असा त्याचा अर्थ शफीकनं नंतर समजावून सांगितला. अर्थात शफीकवर कितपत विश्वास ठेवायचा हा प्रश्नच होता.

"मी सांगतो ऐका," शफीक म्हणाला. "फोडून टाका हे सगळं. आमच्याकडं चार महिने पाऊस. कपडे वाळत नाहीत, पापड मऊ, भिंतीवर बुरशी. पण खुराडं? चारी बाजूंनी मोकळं. वारा इकडून जातो, तिकडून निघतो. कोंबडी ठणठणीत."

"आणि थंडी किती असते तुमच्याकडं?"

"थंडी कुठली? घाम असतो."

"मग गप बस. इथल्या वाऱ्यात मोकळं सोडलं तर सकाळी ताटात वाढायच्या अवस्थेत मिळतील."

दोघांचं म्हणणं अर्धं अर्धं खरं होतं. एकाला ओल माहीत होती, एकाला थंडी. दोन्हींची जोडी मात्र कुणीच पाळून बघितली नव्हती.

पुढच्या सकाळी सगळ्यात वाईट गोष्ट घडली. पोपटरावांनी दार उघडलं तर तांबडी अंड्यांवरून उठून दाराशी येऊन उभी, चोच उघडी, धाप लागलेली. त्यांनी खोक्यात हात घालून अंड्यांना स्पर्श केला. कोमट होती अजून. त्यांनी तांबडीला हळूच उचलून परत बसवलं. ती बसली, पण त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की पोपटरावांना केसरबाईच आठवल्या. "बस गं बाई," ते म्हणाले. "तू उठलीस तर ती यायची नाही." आणि जड मनानं पिकअप काढून कामावर गेले.

पहिलंच काम अल सद्दमधल्या एका फ्लॅटचं. रत्नागिरीकडच्या सायराबाई, नवरा बँकेत, सहा-सात वर्षांची मुलगी इनाया. तक्रार: एसीतून कुबट वास येतो.

पोपटरावांनी शिडी लावली, एसी उघडला, नाक लावलं. एसी स्वच्छ. महिनाभर बंदच होता. मग त्यांनी खोलीकडे बघितलं. कोपऱ्यात छताखाली काळे ठिपके. खिडकीच्या काचेवर पाण्याच्या धारा. खिडकीच्या चारी कडांना, अगदी निगुतीनं, चिकटपट्टी.

"हे कुणी केलं मॅडम?"

"मीच केलं," सायराबाई म्हणाल्या. "वारा केवढा आहे! आणि हिला सर्दी. म्हटलं एक फट ठेवायची नाही."

पोपटराव शिडीवरून खाली उतरले. अशा वेळी त्यांच्या आवाजात जरा मास्तर शिरायचा. "मॅडम, तुमच्या एसीचा काही दोष नाही. तुम्ही खोलीचा डबा केलाय. माणूस श्वास सोडतो, त्याचं पाणी होतं. ते पाणी जाणार कुठं? भिंतीवर बसतं, बुरशी धरते, वास मारतो. थंडीनं एवढं आजारी पडत नाही कोणी, ओलीनं पडतं. थंडी अंगाला लागू द्यायची नाही हे बरोबर. पण वर, डोक्याच्या वर, चार बोटं फट पाहिजेच. खालून बंद, वरून उघडं. नाही तर आतला जीव..."

इथं पोपटराव थांबले.

त्यांचं तोंड उघडंच राहिलं. हातातला स्क्रू ड्रायव्हर छताकडे रोखलेला तसाच राहिला.

"आतला जीव काय?" सायराबाईंनी विचारलं.

"मम्मा, इज ही ओके?" इनायानं विचारलं.

"मॅडम," पोपटराव म्हणाले, "मला जायला पाहिजे."

"अहो, चहा टाकलाय!"

"इन्शाल्ला पुढच्या वेळी. कोंबड्या गुदमरल्यात."

"कोंबड्या?" सायराबाई म्हणाल्या, पण तोवर लिफ्टचं दार लागलं होतं. शिडी त्यांच्या हॉलमध्येच राहिली. मागाहून त्यांनी शिडीसाठी फोन केला तेव्हा पलीकडून आधी कोंबडा ओरडला आणि मग पोपटराव.

घरी येऊन पोपटरावांनी पहिल्यांदा फ्रीजचं रबर उपसून फेकलं. मग चाकू घेतला आणि जिकडून वारा येतो त्याच्या बरोबर उलट्या बाजूला, छताच्या लगत, चांदीच्या शीटला लांबलचक फट पाडली. बल्ब काढला. ओला भुसा घमेल्यानं बाहेर, कोरडा भुसा आत. थोड्याच वेळात छताचे थेंब आटायला लागले. कोंबडा बाहेर आला, त्यानं अंग झाडलं, मान ताणली आणि इतक्या दिवसांचं तुंबलेलं आरवणं एकदमच मोकळं केलं.

शफीक डोळे चोळत खोलीतून बाहेर आला. सकाळच्या फेरीनंतरची त्याची झोप होती. "फोडलंत ना शेवटी? मी काय म्हणत होतो?"

"तू सगळंच फोड म्हणत होतास. मी फक्त वर फट ठेवली. अंगाला वारा नाही, डोक्यावरून वारा."

"म्हणजे अर्धं माझं."

पोपटरावांनी चाकू पुसला. इतक्या वर्षांत त्यांनी शफीकला कशातही वाटा दिला नव्हता. "बरं," ते म्हणाले, "अर्धं तुझं."

शफीकला भांडायला काहीच उरलं नाही म्हणून तो अस्वस्थ झाला आणि आभाळाकडे बघायला लागला. आणि म्हणाला, "पोपटराव, हे ढग बघा."

झिमझिम पाऊस अंगणानं इतके दिवस पचवला होता. आता जो आला तो पाऊस नव्हता. कुणीतरी वरून टाकीच उपडी केली. व्हिलाचं मागचं अंगण चारी बाजूंनी भिंतींचं, आणि पाणी जायला वाट नाही, कारण पाऊस येईल असं बांधणाऱ्याच्या मनातच कधी आलं नसावं. बघता बघता पाणी चपलांवर आलं. बाकीच्या कोंबड्या वरच्या दांडीवर चढून बसल्या. पण तांबडीचं खोकं जमिनीवर होतं, आणि खोक्याच्या फळीपर्यंत पाणी यायला दोन बोटं उरली होती.

"उचलूया!" शफीक ओरडला.

"उचलून ठेवायचं कुठं? खोलीत नेली तर बिथरेल. जागा बदलली की उठते खुडूक, केसर सांगत होती."

"मग जागा न बदलता वर कशी न्यायची? लिफ्ट लावणार?"

पोपटरावांनी भिंतीकडे बघितलं. खुराडं टेकलं होतं ती व्हिलाची भिंत, भक्कम. असल्या भिंतींवर त्यांनी एसीच्या बाहेरच्या युनिटचे किती लोखंडी ब्रॅकेट ठोकले असतील त्याची गणती नाही. ते पळत पिकअपकडे गेले आणि ब्रॅकेटची जोडी, ड्रिल आणि लेव्हलची पट्टी घेऊन आले. वाकून खुराड्यात शिरले. शफीकनं छत्री उघडली.

"माझ्यावर नको," पोपटराव म्हणाले, "तिच्यावर धर. फटीतून तुषार येतायत."

"मी भिजलो तरी चालेल ना?"

"तू कोकणातला आहेस."

ड्रिल घरघरलं. तांबडीनं डोळे मिटले, पण उठली नाही. एक ब्रॅकेट बसलं. दुसरं बसलं. पोपटरावांनी दोन्हींवर लेव्हलची पट्टी ठेवली आणि डोळा बारीक करून बुडबुडा बघायला लागले.

"अहो, पाणी घोट्यावर आलंय आणि लेव्हल काय बघताय!"

"वाकडं बसलं तर आवाज करतं."

"ते युनिट! ही कोंबडी आहे!"

"ही तर सरळ बसली तरी करते."

मागच्या दारात यम्मा आली होती. पायजमा वर खोचलेला, हातात वायपर. "यल्ला बोबट! यल्ला!" ती ओरडत होती आणि वायपरनं पाणी अंगणाच्या बाजूच्या दारातून रस्त्याकडे लोटत होती. रस्त्यावरचं पाणी त्याच दारातून परत येत होतं, पण यम्मा काही हरायला तयार नव्हती. सून आतून "यम्मा, आत या" म्हणून ओरडत होती. यम्माचा चेहरा मात्र असा उजळला होता, जसं हे सगळं तिच्यासाठीच आयोजित केलं असावं.

"धर," पोपटराव म्हणाले. दोघांनी खोक्याच्या दोन्ही बाजूंना हात घातले. तांबडीनं शफीकच्या मनगटाला कचकन चोच मारली.

"या अल्ला! मलाच का?"

"अर्धं तुझं आहे ना? हलवू नकोस. हळू. हळू. वर..."

खोकं वर गेलं, कोंबडीसकट, गवतासकट, नऊ अंड्यांसकट, आणि ब्रॅकेटवर टेकलं. तांबडीनं जरा इकडेतिकडे बघितलं. या उंचीवरून तिला उघड्या दारातून सगळं अंगण दिसत होतं, चिंब भिजलेले दोन पुरुष दिसत होते, वायपर चालवणारी म्हातारी दिसत होती. तिला ते पसंत पडलं असावं. तिनं अंग फुगवलं, पोटाखालची अंडी चोचीनं जराशी सारखी केली आणि बसली.

त्यानंतर पोपटरावांनी खुराड्याला हात लावला नाही. पंपाची गाडी येऊन गल्लीतलं पाणी ओढून गेली, अंगण वाळलं, थंडी मात्र राहिली. पांढरीची शिंक थांबली, कोंबड्याचा तुरा सरळ झाला. केसरबाईंचे फोन येत राहिले. पोपटरावांनी चांदीची, बल्बची, ब्रॅकेटची सगळी हकीकत तिला सांगून टाकली; म्हणजे शफीकनं सांगितली आणि पोपटरावांनी नाकारली नाही. बाई पोट धरून हसल्या. पण अंड्यांबद्दल त्यांनी फार विचारलं नाही. बंद खुराड्यात इतके दिवस गेलेल्या अंड्यांचं काय होतं हे दोघांनाही कळत होतं.

मग एका सकाळी पोपटराव दाणे टाकायला गेले तर तांबडीचा आवाज बदललेला. खालच्या पट्टीत, गुणगुणल्यासारखा. आणि त्याच्या आतून दुसराच एक आवाज, सुईसारखा बारीक. पंखाखालून एक ओलसर डोकं बाहेर आलं, जगाकडे बघितलं, जग गार आहे असं त्याचं मत झालं आणि ते परत आत गेलं.

"शफीक!" पोपटरावांनी अशी हाक मारली की शफीक एका पायात चप्पल घालून धावला. तेवढ्यात सुपरवायझरचा फोन वाजला. पोपटरावांनी तो कट केला आणि केसरबाईंना लावला.

"काय वो, सकाळी सकाळी?"

पोपटरावांनी फोन खोक्याच्या तोंडाशी धरला. दुपारपर्यंत फोन तसाच जोडलेला राहिला, बाईनं तिकडं चुलीवर तवा ठेवला, भाकऱ्या थापल्या, शेळ्यांना पाणी पाजलं, आणि मधूनमधून फोनात डोकावून ती म्हणायची, "आलं का दुसरं?... आलं का वो?"

नऊपैकी पाच निघाली. चार तशीच राहिली. आपल्या चंदेरी शहाणपणाची ती शिक्षा हे पोपटरावांनी मनाशी मान्य केलं आणि ती अंडी भिंतीलगतच्या खजुराच्या आळ्यात पुरली.

"पाच," ते फोनात म्हणाले. आवाज जरा पडला होता. "पाचच निघाली गं."

"पाच लई झाली," केसरबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तिकीट कवाचं हाय?"

फेब्रुवारीच्या सुरुवातीला शफीक पोपटरावांना घेऊन मालकाच्या मोठ्या गाडीतून एअरपोर्टला गेला. केसरबाई नऊवारीवर पोपटरावांचा जुना स्वेटर चढवून आल्या, पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीचं पीठ. नवऱ्याकडे बघून त्या लाजल्या, मग त्यांनी रस्त्यातल्या उंच इमारतींकडे बघून मान डोलावली. घरी पोचल्यावर मात्र खोलीत न जाता सरळ अंगणात गेल्या आणि पदर खोचून खुराड्यासमोर उकिडव्या बसल्या. पाच पिल्लं आता बरीच मोठी, पायांत नुसती वीज. एक त्यांच्या मांडीवर चढलं.

यम्मा खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसली. तिनं पिल्लांना भाताची शितं टाकली. केसरबाईंनी हळूच शितं बाजूला सारली आणि बाजरीची कणी टाकली. यम्मानं अरबीत काहीतरी ठासून सांगितलं. केसरबाईंनी मराठीत ठासून उत्तर दिलं. यम्मा हसली. केसरबाईही हसल्या. पिल्लांनी दोन्ही खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच भांडण, त्याच वेळी, त्याच जागी.

"मी तर खोली सोडली," शफीक पोपटरावांना म्हणाला, "पण तुमची नोकरीपण गेली राव. खुराड्याला आता दोन मुदीर आहेत, दोन मॅनेजर."

खरंच होतं. पोपटरावांना अंगणात आता फक्त पाणी बदलायचं आणि चहा आणून द्यायचा एवढंच काम उरलं होतं. ते त्यांनी इतक्या खुशीनं केलं की सुपरवायझरनंसुद्धा विचारलं, पगार वाढला का.

महिना संपायला आला. पोपटराव परतीच्या तिकिटाची तारीख बोलायचं टाळत होते, केसरबाईही टाळत होत्या. एका संध्याकाळी त्या खुराड्यापाशी वाकल्या होत्या. यम्मा खुर्चीवर, शफीक गाडी पुसत, पोपटराव चहाचे कप घेऊन उभे.

"अवो," केसरबाई वळूनही न बघता म्हणाल्या. "ही काळी बगा. आंग फुगवाया लागलीया."

"मग?"

"मग काय मग? खुडूक होतीया. तिच्या पिल्लांकडं कोण बगणार? तुमी?" त्या वळल्या. "त्यो तुमचा व्हिसा म्हणत्यात त्यो, वाडवून मिळतो का वो?"

पण तोवर कप यम्माच्या हातात कोंबून पोपटराव अंडी गोळा करायला धावले होते.